बिनकामाचा हात

मिरजेच्या डायलिसिस केंद्रात डॉ. इरावती बेडकिहाळांनी जैतुनबीच्या डाव्या हातावर तीन बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनीच तिथली धमनी नीलेला जोडली होती. या जोडाला फिस्टुला म्हणतात. धमनीचा जोर झेलून नीला जाड आणि रुंद झाली, की तिच्यात आठवड्यातून तीनदा सुया टोचता येतात. ही मात्र होती तशीच राहिली होती, सुतासारखी बारीक.

"म्हणजे पुन्हा मानेत नवी नळी?" जैतुनबीने विचारलं. फिस्टुला तयार होईपर्यंत डायलिसिस मानेतल्या नळीतून चाललं होतं आणि तिच्यातून दोनदा जंतू रक्तात गेले होते. दुसऱ्या खेपेला ती मरता मरता वाचली होती आणि आज नळीभोवती पुन्हा लाली दिसत होती. "डॉक्टरीणबाई, मला लई भीती वाटते हो."

भीती इरावतींनाही वाटत होती. त्यांनी जैवअभियंता पाटोळेला बोलावलं. नीला वाढावी म्हणून हातात घालायला दिलेलं 'स्पंदवलय' हे कडं त्याचंच.

"तुझं वलय झोपा काढत होतं का रे?"

"शक्यच नाही, मॅडम. रक्ताचं घर्षण जाणवलं की नीलेच्या भिंतीतल्या पेशी वाढतात. वलय बाहेरून तसंच सूक्ष्म कंपन देतं. घर्षण खरं की खोटं, हे पेशींना कळत नाही. आणि नोंद सांगते, यांनी ते रोज अठरा तास घातलंय."

"मग आहे कुठे ते?"

जैतुनबीने कुर्त्याची लांब बाही वर सारली. उजवी.

"अगं बाई! या हातात का?"

"तुमच्याच कागदावर लिवलंय की! 'बिनकामाच्या हातात घालावे.'"

"पण जोडही बिनकामाच्याच हातात करतात, म्हणून तर कुठल्या हाताने जेवता ते विचारलं! उजव्या म्हणालात!"

"जेवते उजव्यानंच. लहानपणी डावा हात ताटाकडं गेला की अम्मा लाटणं उगारायची. पण तंबोऱ्याची घोडी घासून जवारी, म्हंजे तारेची गुंज, लावते ती डाव्यानं. चाळीस वर्षं झाली. तुम्ही नेमका तोच हात धरलात. म्हटलं, डॉक्टरला कळत असेल."

इरावतींनी कपाळावर हात मारला. जिथे झाडून सगळे उजव्या हाताने जेवतात, तिथे हा प्रश्न विचारायचा म्हणजे धन्यच! मग त्यांनी घाईघाईने उजव्या दंडाला पट्टा बांधला. नीला टरारून वर आली, करंगळीएवढी.

"पाटोळे, इथे तर जोडच नाही."

"नुसत्या कंपनावर वाढली!" पाटोळेचा आवाज चिरकला. "मॅडम, आपण आधी जोडायचो आणि मग वाढायची वाट बघायचो."

"आणि तोवर मानेत नळी. अरे, आधी वाढवून मग जोडली, तर वाट बघायलाच नको! कुणालाच नको!" इरावतींचे डोळे भरून आले. "जैतुनबी, उद्या हा हात जोडू. परवा सुया टोचू आणि नळी काढून टाकू. डावा जोड बंद करते. तो हात तुमचा तुम्हाला परत."

तिसऱ्या दिवशी मानेतली नळी निघाली. जैतुनबीने डाव्या हाताची बोटं उजव्यावर ठेवली. कातडीखाली रक्त गुंजत होतं. तिने डोळे मिटून जरा वेळ अंदाज घेतला.

"जवारी थोडी जास्तच खुली लागलीय, डॉक्टरीणबाई," ती हसत म्हणाली. "पण राहू द्या. याला घासायला नको."