मॉरिस आणि कॉन्टेसा

गिरीज गावच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. एक उन्नतीची लांबलचक काळी कॉन्टेसा, समोर गोल डोळ्यांची हिरवी मॉरिस. दोन्ही बाजूंना केळींची दाटी.

मॉरिसमधला तरुण उतरला. "तुमची गाडी कितव्या सालची?"

"शहाऐंशी."

"माझी चोपन्नची. मग लहानानं मागं जायचं ना?"

"मला... मागं घेता येत नाही. पप्पांची गाडी. तेच चालवायचे."

त्या 'चालवायचे'वर त्याचं हसू विरलं. काही न विचारता त्यानं मॉरिस मागं मागं घेत थेट आपल्या अंगणात नेली.

उन्नती आभार मानायला थांबली, आणि त्या तरुणानं, केनीनं, तिला मॉरिसमधून एक चक्कर मारून आणली. दोघांचे खांदे सारखे एकमेकांना लागत होते. वळण आलं की दिशा दाखवायला गाडीच्या दाराशेजारून इवलासा पिवळा दांडा हातासारखा बाहेर यायचा. उन्नती खळखळून हसली... किती महिन्यांनी!

मग केनी कॉन्टेसात बसला. "अरे बापरे, ही गाडी की दिवाणखाना?"

"लहानपणी राजोडीच्या समुद्रावरून येताना मी मागच्या सीटवर झोपायचे. पप्पा एकेक खड्डा चुकवायचे."

"आरामात तुमची भारी. पण माझ्या गाडीत माणसं जवळ बसतात."

उन्नतीनं नजर वळवली. "आज विकायला चाललेय मी हिला. आचोळ्याला आमच्या सोसायटीत गाडी ठेवायला जागाच नाही."

केनीनं अंगणात नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "चिकूखाली जागा आहे. ठेवा इथं... हवे तितके दिवस."

तिनं तिथूनच गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर दर रविवारी चर्चहून केनी परतायच्या आत ती हजर असायची. दोघं मिळून गाड्या पुसायची, भांडायची, फिरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

एका रविवारी कॉन्टेसाची काच पुसता पुसता केनीनं विचारलं, "सोसायटीत जागा मिळाली, की नेशील ना हिला?"

"मिळाली," ती म्हणाली. "तीन महिने झाले."

केनीच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. "मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर... रविवारी यायला कारण काय उरलं असतं?"

त्यानं ओल्या हातानंच तिचा हात धरला. "चल घरात. मम्मी कधीची विचारतेय, ही मुलगी नेमकी कुणासाठी येते? तूच सांग तिला."