ज्या विहिरीचं तिला

दिवे गेलेत तर जाऊ देत. कंदील नको, त्याची काच तडकलीय. इकडं सरकून बसा सगळी, आणि ज्याला पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन घ्या. मधनं उठायचं नाही. ही गोष्ट उडत आलेली नव्हे. कळंब्याच्या रस्त्याला आमच्या शेजारी अक्काताई राहायच्या, त्यांच्या सुनेची, चंदनाची ही गोष्ट. तिनंच मला सांगितली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, दोन वेळा. दोन्ही वेळा शब्द न् शब्द तोच.

सुरुवात झाली ती एक मीटर कापडापासनं.

दोन हजार चार सालचा मे महिना. अक्काताईंनी सुनेला गावात पाठवलं, पांढरं, घट्ट विणीचं सुती कापड आणायला. चंदनानं कापड आणलं, दुहेरी करून चारी बाजूंनी शिवलं. झालं पाणी गाळायचं गाळणं. जैनाघरी गाळल्याबिगर पाणी पीत नाहीत. आणि गाळून झाल्यावर कापडावर जे राहतं, डोळ्याला दिसो न दिसो, त्यात जीव असतात म्हणून त्याला जिवाणी म्हणतात. ती वाटेल तिथं झटकायची नाही. कापड खळबळायचं आणि ते पाणी अलगद सोडायचं. ज्या विहिरीचं तिला, ज्या नदीचं तिला. दुसऱ्या पाण्यात त्यांचा जीव राहत नाही.

हे गाळणं कशाला? तर पोराला खूळ लागलेलं चालायचं. अक्काताईंचा ऋषभ. ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान चांगलं चाललेलं, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि हा पाठीवर पोत्याएवढी सॅक टाकून डोंगर हिंडायचा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य लादून जतच्या माळावरनं कोल्हापूर, राधानगरी करत लोक घाट उतरायचे. ती वाट आपण दोघांनी चालायची, म्हणाला. आधी ते वाळवंट, मग हे डोंगर.

अक्काताई म्हणाल्या, "पायी? का बाबा, यष्ट्या बंद पडल्या का काय?"

"अव्वा, चालण्यात मजा हाय की."

"मजा करा. पर ह्या पोरीला उनात वाळवू नगंस. आणि चंदना, पाणी गाळून. जिवाणी जितली तितंच. ध्येनात ऱ्हाईल न्हवं?"

"व्हय, अव्वा."

दहा तारखेला जतमधनं निघाले. बाया बांधावरनं हाका मारायच्या, "पावणं, नवस बोललाय का काय?" हा हसून हात हलवायचा. पण ते साल दुष्काळाचं. जमीन तव्यासारखी. ओढ्यात नुसती वाळू. बाभळीची सावलीसुद्धा तापलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बाटल्या संपल्या, आणि चंदनाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले.

तेवढ्यात एक विहीर लागली. खोल, दगडी, वर रहाटाचं आडवं लाकूड. तळाला हातभर पाणी. धोंडुबाई नावाची एक म्हातारी पाणी शेंदत होती. दोर तिचा, पोहराही तिचा. दुष्काळात दोर कोण विहिरीवर ठेवतंय? तिनं आपली घागर बाजूला सारली आणि ह्यांना आधी पाजलं. ऋषभनं बाटलीच्या तोंडावर गाळणं धरलं तशी हसली.

"एवढं गाळून काय करायलाईसा रं? ऱ्हायलंय तरी काय हिरीत?"

"जे ऱ्हायलंय त्येच धराय लागलोय, आज्जी."

बाटल्या भरल्या. म्हातारीनं दोर गुंडाळला, घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. ती बरीच लांब गेल्यावर चंदनाच्या ध्यानात आलं. गाळणं ऋषभच्या हातात, जिवाणी सोडायची राहिलेली. वरनं टाकून चालत नाही, पोहऱ्यातनं पाण्यापर्यंत सोडावी लागते. आणि पोहरा तर गेला.

ऋषभ म्हणाला, "आता एवढ्यासाठनं म्हातारीला उनात माघारी बोलवू व्हय? फुडं तळं लागंल, तितं सोडू."

त्यानं गाळणं पिळलं नाही, तेवढं पाप केलं नाही. घडी करून सॅकच्या जाळीत खोचलं.

चंदनाला बोलायचं होतं. म्हातारी दिसत होती अजून. एक हाक मारली असती तर वळली असती. पण पाय पोळत होते, सूर्य डोक्यावर होता, आणि नवरा निघाला होता. ती गप्प बसली.

संध्याकाळी तळं लागलं. कोरडं. भेगा पडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदनानं गाळणं बघितलं. ओलं. त्या उन्हात डोकीवरचा घाम वाळत होता, पण हे ओलं. तिसऱ्या दिवशीही ओलं. सॅकमधनं थेंब गळायचे आणि वाटेवर मागं काळ्या टिकल्या उमटत यायच्या. ऋषभ हसला, "झऱ्याला पाय फुटलं बग." मिरजेच्या पुढं नदी आली तेव्हा त्यानं तिथं गाळणं खळबळलं. चंदना म्हणाली, "अवो, ही ती न्हवं." "पाणी त्ये पाणी, चंदे." वर काढलं, झटकलं, दिवसभर काठीला बांधून उन्हात नाचवलं. रात्री हात लावला तर गार, ओलं.

आणि त्या दिवसापासनं ऋषभला तहान लागली.

सोळा तारखेला वाटेत घर पडलं म्हणून एक रात्र राहिले. तेव्हा मी त्याला बघितला. ओठ फुटलेले. दिवस बुडेपर्यंत तांब्यावर तांब्या रिचवत होता. अक्काताईंनी पोराच्या तोंडाकडं बघितलं, मग सुनेकडं.

"जिवाणी सोडलीसा न्हवं गं, समद्या ठिकाणची?"

चंदना म्हणाली, "व्हय, अव्वा."

पुढं ती मला म्हणायची, आज्जी, पहिल्यांदा गप्प बसले ती चूक, दुसऱ्यांदा बोलले तो गुन्हा. त्या रात्री खरं सांगितलं असतं तर अक्काताईंनी पहाटेच्या गाडीनं तिला जतला पिटाळलं असतं. विहीर होती तेव्हा.

मी म्हणाले होते, "ऋषभा, डॉक्टरला दावून जा." तर म्हणतो, "उनाचं हाय, आज्जी. राधानगरीच्या गारव्यात ग्येलो की थांबतंय." डॉक्टरकडं गेलाही सकाळी. डॉक्टर म्हणाले, काही नाही, लिंबूसरबत घ्या.

बुधवार, एकोणीस मे. वैशाख अमावस्या. राधानगरीच्या अलीकडच्या एका सड्यावर त्यांनी तंबू ठोकला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडा कातळ. झाड नाही, माती नाही. खाली गावाचा एक दिवा दिसत होता, तोही नऊला गेला.

लहानपणापासनं सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब न घेणारा पोरगा तो. त्या रात्री त्यानं चारी बाटल्या संपवल्या. एकामागनं एक. चंदना नुसती बघत राहिली.

गाळणं तंबूच्या दोरीला टांगलेलं होतं.

टप्... टप्...

खाली कातळ. थेंब कातळावर पडावा तसा आवाज यावा की नाही? तसा येत नव्हता. खोल येत होता. खोल पाण्यात पडल्यासारखा.

साडेअकरा झाले असतील. ऋषभ उठून बसला.

"चंदे... ऐकायलीस?"

तिलाही ऐकू येत होतं. कर्र... कर्र... लाकडावरनं दोर सरकत होता. कुणीतरी पाणी शेंदत होतं. त्या कातळावर. जिथं कोसभर विहीर नाही.

"शेंदायलेत," तो म्हणाला. "जरा मागून येतो."

"अवो, जाऊ नगासा..."

"एक घोट. लगेच येतो."

तिनं मनगट धरलं. गार होतं. विहिरीतनं नुकत्या काढलेल्या पोहऱ्यासारखं. ओलं होतं. बोटं घसरली.

तो बाहेर गेला.

चपला घातल्या नाहीत. बॅटरी घेतली नाही.

चंदना उठायला गेली. पाय हलेनात. ओरडायला गेली. तोंड उघडलं... आवाज नाही. नुसती तहान. तिच्या घशात त्याची तहान.

कर्र... कर्र...

मग पोहरा पाण्याला टेकल्याचा आवाज.

मग काही नाही.

थेंबसुद्धा थांबला.

पहाटे पाय हलले. ती सडाभर धावली, हाका मारल्या, कातळ कातळ बघितला. माणूस लपेल एवढं झुडूप नव्हतं तिथं. खाली गावात गेली. हंबीरराव म्हणून एक जण होते, त्यांनी वीस गडी काढले, दऱ्या शोधल्या. दुपारी तिनं बूथवरनं घरी फोन लावला. सांगायला तोंड उघडलं, तर पलीकडनं अक्काताईच रडत होत्या.

"तू कुटं हाईस गं? त्यो तिकडं कसा ग्येला?"

जतकडनं फोन आला होता. सकाळी सहाला धोंडुबाई विहिरीवर गेली, पोहरा सोडला, तो पाण्याला लागेना. वाकून बघितलं. ऋषभ तळाला बसलेला होता. भिंतीला टेकून, मान वर करून. गुडघ्याएवढं पाणी नाही, त्यात माणूस बुडतोय कशाला? खिशात दुकानाचं कार्ड होतं, त्यावरनं नंबर लावला. आठ दिवसांची वाट, बाळांनो. रात्री साडेअकराला सड्यावर, सकाळी सहाला तिथं. अनवाणी. पोलीस म्हणाले, तुम्ही दिवस चुकताय बाई.

तेरावा झाला आणि तिनं सासूपुढं सगळं कबूल केलं. अक्काताईंनी खुंटीवरचा दोर काढला. मग एवढंच म्हणाल्या, "ऊठ. त्याचं त्याला देऊन यिऊ."

दोघी गेल्या. गाळणं डब्यात घालून, दोर घेऊन, पोहरा घेऊन. माळावर पोचल्या तर विहीर नव्हती. माणूस मेलेलं पाणी प्यायचं कसं, पोरंबाळं भितात, म्हणून गावानं दगड टाकून काठापर्यंत बुजवली होती. धोंडुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, आठ दिस आदी आली असतीस तर..."

चंदना दगडांवर बसली. गाळणं मांडीवर. दिवसभर. ऊन कललं तरी ते ओलं.

आता ते सोडायचं कुठं? झटकायचं नाही. दुसऱ्या पाण्यात घालायचं नाही. त्याचं पाणी तर राहिलंच नाही. मग तिनं घरात एक खोली रिकामी केली, दोरीला गाळणं टांगलं आणि खाली घागर ठेवली. भरली की दुसरी. अक्काताई गेल्या, तरी हिचं चालूच. माहेरच्यांनी दुसरं लग्न जुळवलं, ही म्हणाली, मला घागर बदलायची असते.

दोन हजार नऊच्या वैशाखात मी तिच्याकडं गेले होते. तिनं ती खोली उघडली. खिडकी नाही, वर स्लॅब, दिवसाउजेडी अंधार. भिंतीला लागून घागरी. मोजल्या नाहीत मी. मधल्या घागरीवरचं झाकण तिनं उचललं आणि म्हणाली, "बगा आज्जी."

मी वाकले.

पाण्यात माझं तोंड दिसायला हवं होतं. वरचा स्लॅब दिसायला हवा होता.

आभाळ दिसत होतं. गोल... लांब वर. त्याच्यावर आडवं लाकूड. आणि लाकडावरनं खाली सुटलेला दोर...

हलत होता.