पाणी घालायचं नाही

आमच्या राखीव माळावर नियम एकच, आणि तो मीच केलेला: पाणी घालायचं नाही. जगेल ते जगेल, मरेल ते मरेल. फाटकावर ठळक पाटी आहे, तरी येणारा-जाणारा बाटलीतलं उरलेलं पाणी एखाद्या झुडपाला घालून पुण्य कमावतोच आणि माझी बोलणी खाऊन जातो. माळावरच्या झाडाला आयतं पाणी मिळायला लागलं, की ते मुळं खोल सोडतच नाही. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. एवढं तर कळतं मला.

चाळीस एकर खुरटं रान, ससे, तितर, सरडे, पत्र्याचं एक ऑफिस, मी, माझी भाची आणि मागच्या वर्षापर्यंत आमचे राखणदार मामा. तिन्ही बाजूंना गोदामं उठली आहेत. या माळाचं काय करायचं ते समितीच्या हातात, आणि समितीची अट लेखी आहे: हट्टीची आपोआप उगवलेली तीस रोपं पाण्याशिवाय एक उन्हाळा जगली पाहिजेत. जगली तर जागा कायमची राखीव. नाहीतर इथंही गोदामं. हट्टी म्हणजे एक काटेरी झुडूप. आमच्या माळाशिवाय आजवर कुणाला कुठं सापडलेलं नाही. त्याचं खरं नाव हातभर लांब आहे. हट्टी हे मामांनी ठेवलेलं.

दरवर्षी थंडी सरली, की आम्ही ठरलेल्या जागी चार खुंट्या ठोकतो, दोरीनं दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि आत उगवलेलं प्रत्येक रोप आलेखाच्या कागदावर ठिपक्यानं मांडतो. चौकोन ऑफिसच्या खिडकीतून दिसतो, म्हणून शेळ्या शिरल्या तर लगेच कळतं.

मागच्या वर्षी हट्टीची बत्तीस रोपं आली. इतकी पहिल्यांदाच. या वयात मी अक्षरशः उड्या मारल्या. भर उन्हाळ्यात ती सगळी एका आठवड्यात करपली. त्याच आठवड्यात मामा गेले. त्याआधी महिनाभर त्यांना सारखी तहान लागायची. माठच्या माठ रिकामा करायचे आणि म्हणायचे, "ताई, पाणी पोटात जातंय, पण घशाला लागतच नाही बघा." साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली, सगळं ठणठणीत. डॉक्टरांनी वयावर ढकललं. समितीनं आम्हाला एक शेवटचं वर्ष दिलं.

यंदा एकेचाळीस आली. भाचीनं ठिपके मांडले आणि कागद हातभर लांब धरून डोळे बारीक केले.

"काय गं?"

"मावशी, हे कुणीतरी झोपलंय."

"ढगात हत्तीही दिसतो. पुढं काय?"

"मागच्या वर्षीचा कागद काढ ना."

कपाटातून काढला. बत्तीस ठिपके. डोकं, खांदे, दोन्ही हात, पाय. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. मामा डाव्या पायानं लंगडायचे.

भाचीनं यंदाच्या कागदावर पट्टी ठेवली. प्रमाण धरून डोक्यापासून टाचेपर्यंत पाच फूट एक इंच भरलं. उजवा हात कोपरात दुमडलेला. लहानपणी झाडावरून पडल्यापासून माझा उजवा कोपर सरळ होत नाही. आणि माझी उंची भाचीला माहीत आहे.

"उपटून टाकू," ती म्हणाली. मग स्वतःच घाबरली. "नको, नको. मागची मेली तेव्हा काय झालं... मावशी, आपण यांना पाणी घालू."

"झारीला हात तर लावून बघ! एवढं शिकलीस ती असलं बोलायला?"

भीती मला वाटली होती. कबूल करायला लाज कसली? पण बारा वर्षं मी या माळासाठी रक्त आटवलंय. दोन कागद पाहून तो गोदामवाल्यांच्या घशात घालणारी बाई मी नाही. तीस रोपं हवीत आणि एकेचाळीस आहेत, हा हिशोब मला पुरेसा होता.

उन्हाळा चढला. रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या.

मला तहान लागायला लागली.

उकाडा आहे, म्हटलं. वय झालंय, म्हटलं. रक्त तपासून आले. सगळं ठणठणीत.

समिती यायला एकवीस दिवस राहिले होते.

काल दुपारी ऑफिसात नोंदवही लिहीत बसले होते. सकाळपासून चार तांबे पाणी प्यायले होते, तरी जीभ टाळूला चिकटत होती. पाचवा भरून समोर ठेवला होता. त्याला अजून हात लावला नव्हता.

आणि घसा ओला झाला.

गार पाणी घशातून खाली उतरलं. मग खांद्यांत. मग उजव्या कोपरात, जिथं तो दुमडतो तिथं. मग उजव्या पायात, टाचेपर्यंत.

तोंडाला पत्र्याची आणि मातीची चव आली.

मी खिडकीतून पाहिलं. चौकोनात भाची पाठमोरी वाकली होती. ओढणीखाली झारी होती.

समोर नोंदवही उघडीच होती. 'पाणी घातले का?' या रकान्यात बारा वर्षं मी 'नाही' लिहीत आले होते, आणि ते दरवेळी खरं होतं. कालही मी 'नाही' लिहिलं.

मग उठले आणि खिडकी उघडली.

भाची दचकली. झारी पाठीमागं लपवून रडायलाच लागली. "ओरडू नकोस ना, मावशी."

"ओरडत नाहीये गं," मी म्हटलं. "डावा पाय राहिला."