रोजचं शून्य

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी एक पत्र्याची केबिन होती. आत एक टेबल, दोन खुर्च्या, चहाची किटली आणि भिंतीवर मोठा पडदा. त्या पडद्यावर दिवसभर एक आकडा खालीवर होत राहायचा. पुलावर या क्षणी किती किलो वजन आहे, ते सांगणारा.

पूल पायी चालण्याचा होता. खोल नदीवर, दोन जाड तारदोरांना लटकवलेला, एकशे बारा मीटर लांब. तारदोरांपासून खालच्या फळीपर्यंत दोन्ही बाजूंनी चौतीस-चौतीस लोखंडी सळया उतरत होत्या आणि प्रत्येक सळीवर ताण मोजणारा एक सेन्सर बसवलेला होता. असे पूल गर्दीला, वाऱ्याला, पुराला किती वर्षं तोंड देतात, याचा अभ्यास तीन वर्षं चालू होता. पलीकडे हॉस्पिटल, अलीकडे सगळी वस्ती. पूल बंद पडला तर गाडीरस्त्यानं पस्तीस किलोमीटरचा वळसा. त्यामुळे महिनाअखेरीला जो अहवाल जाणार होता, त्याच्याकडे बऱ्याच जणांचे डोळे लागले होते.

अहवाल ती लिहिणार होती. पुलावरचे सगळे तिला मॅडम म्हणत. बाई नाकासमोर चालणारी आणि हिशेबाला पक्की, कुणी 'साधारण शंभर' म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. तिच्या हाताखाली पुलाची पातळी मोजायला होता तिचा धाकटा भाऊ. त्याला या कामावर तिनंच चिकटवला होता, कारण आधीच्या तीन नोकऱ्यांत त्याचं बूड टेकलं नव्हतं. आईनं निघताना एवढंच बजावलं होतं, "त्याला एकट्याला कुठं उंचावर पाठवू नकोस. तो हसत-हसत जातो आणि बघत नाही कुठं पाय ठेवतो ते." यावर धाकटा हसला होता.

आधी यंत्रं सांभाळायला फोरमनकाका होते. गेल्याच महिन्यात ते निवृत्त झाले. त्यांचा एक नेम होता. रोज दुपारी दोन वाजता दोन्हीकडची गेटं लावायची, पुलावरची सगळी माणसं उतरू द्यायची, मग स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायचं आणि केबिनमध्ये येऊन शून्याचं हिरवं बटण दाबायचं. बटणाचा अर्थ साधा होता. आत्ता पुलावर जे काही आहे ते काहीच नाही असं धर, आणि इथून पुढं मोज.

तिला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "रोज वजनकाटा शून्यावर आणला तर माणूस लठ्ठ झालाय हे कळणार कसं?" ती धाकट्याला म्हणाली. लोखंड हळूहळू थकतं, वाकतं, आणि तेच तर मोजायचं होतं. रोजच्या शून्यानं तीन वर्षांचा तो सगळा पुरावा पुसला गेला होता. काका गेले त्या दिवसापासून तिनं शून्य करणं बंद केलं.

जाताना काका दारात घुटमळले होते. "मॅडम, शून्य करत राहा," ते म्हणाले. "पण पूल रिकामा बघूनच."

तिनं मान हलवली आणि विसरून गेली. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी, दुसरं काय.

पुलावर दिवे नव्हते, म्हणून दिवस मावळायच्या आत गेटं लागत. पहिल्या संध्याकाळी गेटं लागली तेव्हा पडद्यावर एकसष्ट होते. शून्य हवं होतं. दुसऱ्या संध्याकाळी एकशे अठरा. तिसऱ्या संध्याकाळी एकशे नव्वद. उन्हानं तार ताणली गेली असेल म्हणून तिनं तापमानाचा हिशेब वजा केला, वाऱ्याचा केला, एकेक वायर तपासली. पाण्यानं भरलेले पिंप पुलावर ठेवून बघितले. शंभर लिटर ठेवलं की आकडा बरोबर शंभरानं वाढत होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

चौथ्या संध्याकाळी दोनशे नऊ.

ती वहीत रोजची वाढ लिहीत होती. एकसष्ट, सत्तावन्न, बहात्तर. मग एकोणीस. एकोणीसपाशी तिचं पेन थांबलं. लोखंड थकतं ते असं थकत नाही. ही वाढ लोखंडाची नव्हती, कुणाची तरी वजनं होती, आणि त्यातलं शेवटचं फार लहान होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"उतरायला विसरतायत लोक," धाकटा चहा ओतत म्हणाला. "पलीकडे औषधं, इंजेक्शनं. मीपण विसरलो असतो."

"गेटवरचे आकडे बघ. चढले तेवढे उतरलेत. रोज."

"मग भूत असेल. पण भुताला वजन नसतं म्हणे, म्हणजे तेही नाही." तो हसला आणि तीही हसली. सुतावरून स्वर्ग गाठायचा तिचा स्वभाव नव्हता.

पण कुठल्या सळयांवर ताण आहे ते बघितलं तेव्हा वजन पुलाच्या बरोबर मधोमध, डाव्या कठड्याला लागून निघालं. ती स्वतः तिथं जाऊन उभी राहिली. फळीवर काही नव्हतं, खालून पाण्याचा आवाज येत होता आणि लोखंडाचा आंबूस वास. हात कठड्यावर ठेवला तर त्या एवढ्या जागेत लोखंड गार लागत होतं, भर दुपारी. सावली कसली पडतेय ते बघायला तिनं मान वर केली. कसलीच नव्हती.

धाकट्यानं दुर्बीण लावून पातळी घेतली. मधला भाग चार मिलिमीटर खाली गेला होता. आठवड्यानं अकरा. मागच्या तीन वर्षांच्या पातळीच्या नोंदींत मात्र पूल केसभरही हलला नव्हता. म्हणजे काका शून्य करत होते तोवर लोखंड जागच्या जागी होतं. बटण दाबल्यानं लोखंड वर येत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. हे वाक्य तिनं वहीत लिहिलं, खोडलं, आणि परत लिहिलं.

पुलावरच्या कॅमेऱ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली. मधोमध आली की माणसं उजवीकडे सरकत. फोनवर बोलणारी, काठी टेकत जाणारी, व्हीलचेअर ढकलणारी, सगळी. कुणी थांबत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. रस्त्यावर डबकं असावं तसा नुसता वळसा घालून पुढं जात. तिनं दोघातिघांना गेटवर विचारलं. "मी? मी तर सरळच आले," एक नर्स म्हणाली. पंधरा दिवसांनी तो वळसा एवढा मोठा झाला होता की लोकांना उजव्या कठड्याला अंग घासत, एकामागे एक जावं लागत होतं. तरी कुणाची तक्रार नव्हती.

आणि पूल रिकामा असतानाही तो आकडा स्थिर नसायचा. एका सळीवरून दुसऱ्या सळीवर किंचित झुकायचा, परत यायचा. रांगेत ताटकळलेली माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतात तसा. ती आता केबिनचं दार उघडं ठेवायला लागली होती. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती अहवालात कुठल्या मथळ्याखाली लिहायची हे तिला कळत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी, गेटं उघडायच्या आधीच, आकडा तेराशे बारावर गेला. सळयांच्या एका जोडीला तेराशेपर्यंतच पेलवेल, हा हिशेब तिचाच होता. वजन अजून चार जोड्यांवर पसरलेलं होतं म्हणून ठीक. दुपारी तिनं अभिमान बाजूला ठेवून काकांना फोन लावला.

"किती दिवस केलं नाही?" तिनं काही सांगायच्या आत काकांनी विचारलं.

"बावीस."

मग काका एका दमात सांगत गेले.

"गेटं लावा. माणसं मोजून उतरवा. स्वतः चालून या. मग बटण."

"त्यानं काय होतं, काका?"

"मला काय माहीत. कागदावर लिहिलं होतं रोज शून्य करा, मी केलं. सुरुवातीला एकदा घाईत बटण दाबलं. पलीकडच्या गेटवर माझा जोडीदार होता, तो अजून पुलावर होता."

"मग? काय झालं त्याला?"

"काही नाही. आला उतरून. अजून आहे नोकरीत. पण त्याची बायको माहेरी गेली ती आली नाही. विचारलं तर म्हणाली, हे ते नव्हेत. मॅडम, रिकामा बघून करा."

फोन बंद झाला.

तिनं तीन वाजता गेटं लावायला सांगितली. शून्य करायचं तिनं ठरवलं होतं, हे खरं. पण शून्य केलं की पुरावा गेला. बावीस दिवसांचा वाक एकदा शेवटचा नीट मोजून ठेवावा, मग बटण. आधी नोंद, मग शून्य. तिचं सगळं शिक्षण तिला हेच सांगत होतं. दुर्बीण पुलाच्या तोंडाशी तिवईवर होती, आकडे आपोआप केबिनमध्ये येत. दुर्बिणीतून वाचायची आकड्यांची पट्टी धरून कुणीतरी पुलावर उभं राहायला हवं होतं.

"पंधरा मिनिटांचं काम," धाकटा म्हणाला. "तू आकडे बघ."

त्यानं पट्टी खांद्यावर टाकली आणि शीळ घालत निघाला. पडद्यावर त्याचे चौऱ्याहत्तर किलो वाढले. माणसं उतरली होती. दोन्ही गेटं लागली होती.

पहिली पाच वाचनं व्यवस्थित आली. धाकटा अलीकडून बाराव्या सळीपाशी पट्टी उभी धरून होता. आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला.

मग मधल्या सळया सैल झाल्या.

तिला आधी वाटलं वायर निघाली. पण सतराव्या सळीवरचा ताण सोळावीवर आला. मग पंधरावीवर. चालत.

तिनं वॉकीटॉकी उचलला. "उतर. आत्ता."

"दोनच राहिलीत, ताई."

"पट्टी टाक आणि उतर."

चौदा. लोखंड कण्हल्याचा आवाज केबिनपर्यंत आला. धाकट्यानं मागं वळून पाहिलं. त्याला काही दिसलं की नाही, कोण जाणे. तो पाऊल उचलायला गेला आणि त्याला ते उचलता आलं नाही, गर्दीत माणूस चेंगरला जावा तसे त्याचे दोन्ही हात अंगाशी आले.

"ताई," वॉकीटॉकीतून आवाज आला. "इथं जागा नाहीये."

तेरा.

बारा. सगळंच्या सगळं एका जोडीवर. पडद्यावरचा तो चौकोन लाल झाला. वर तारदोरातला एक पेड तुटल्याचा टणत्कार झाला, फळी डावीकडे कलली, आणि धाकटा कठड्यावर वाकडा झाला. खाली चाळीस मीटर, आणि मग दगड.

गेट उघडून धावत जायला तीस सेकंद लागले असते. तिनं ते मोजलं. मोजायची सवय.

पूल रिकामा नव्हता.

तिनं हिरवं बटण दाबलं.

आवाज थांबला. फळी उचलली गेली, सरळ झाली, दोनदा डुलली आणि स्थिरावली. धाकटा दोन पायांवर उभा होता. त्यानं हात वर करून दाखवला.

ती खुर्चीत कोसळली. रडू फुटलं, आणि तिनं ते फुटू दिलं. आईला काय तोंड दाखवलं असतं, हे एवढंच डोक्यात होतं. तो पट्टी खांद्यावर घेऊन सावकाश चालत येत होता.

पडद्यावर शून्य होतं.

मग तिच्या लक्षात आलं की असायलाच हवं. तो पुलावर असताना शून्य केलं होतं, म्हणजे यंत्रानं त्याचे चौऱ्याहत्तर किलोही काही नाही असं धरलेले होते. तो उतरला की पडद्यावर उणे चौऱ्याहत्तर येणार. पिशवीसकट काटा शून्यावर आणून मग पिशवी काढून घेतली की होतं तसं. ती डोळे पुसून पडद्याकडे बघत बसली. तो उणे आकडा तिला हवा होता, डोळ्यांनी बघायचा होता.

गेटची कडी वाजली. रेतीवर पावलं वाजली. धाकटा दारात आला, पट्टी भिंतीला टेकवून ठेवली.

पडद्यावर शून्य होतं.

ती बघत राहिली. एक मिनिट. दोन. शून्य. चौऱ्याहत्तर किलो अजून पुलावरच होते, बाराव्या सळीपाशी.

"घाबरलीस ना?" तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. गालावर खरचटलं होतं, तेही खरं होतं.

तिनं मान हलवली. वळली नाही.

"ताई, ते शून्य अर्धवट झालं बघ. रिकामा असताना करायचं असतं." तो तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. "आता कुणी नाहीये पुलावर. परत एकदा करून टाकू?"

काचेतून सगळा पूल दिसत होता. उन्हात लख्ख, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा.

तिनं हिरवं बटण तळहातानं झाकून धरलं, कुणाला दाबता येऊ नये असं.

मागून त्याचा हात आला आणि तिच्या हातावर विसावला. पाची बोटं तिला दिसत होती, अंगठ्याजवळचा शाईचा डाग दिसत होता. हात ऊबदार होता. त्याचा भार मात्र लागत नव्हता.