पाहुणचाराचे तांबे

सौंसरचे उदेभानजी धोटे, त्यांचे चिरंजीव पुंडलिकराव, म्हणजे माझे यजमान, पुंडलिकरावांचा सुधाकर, आणि सुधाकरचा वैभव. उदेभानजींनी आमच्या जमिनीत संत्रा रुजवला, पुंडलिकरावांनी पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात शब्दाची पत उभी केली, सुधाकरने दोन्ही राखले. वैभवने मात्र वीज हाती घेतली. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवीत नाही.

पांढुर्ण्याच्या रस्त्यावर, बागा संपतात त्या उघड्या माळावर, एक विद्युत-चाचणी केंद्र आहे. अणुवीज केंद्रांत असतात तशी विजेची लोखंडी पॅनेल तिथे आणतात आणि मुद्दाम आतून पेटवतात. आतल्या धातूच्या एका पट्टीवरून दुसरीवर वीज झेप घेते, धातूची वाफ होते, आणि त्या लोळात भोवतीच्या केबली जळतात की वाचतात, हे जाड काचेआडून पाहतात. वैभव त्या चाचण्यांचा प्रमुख होता.

गेल्या माघात, संत्र्याच्या आंबिया बहराने सारा रस्ता घमघमत असताना, केंद्राच्या फाटकाशी एक मुलगी उतरली. एका अणुवीज केंद्राची अग्निसुरक्षा अधिकारी, तिथल्यासारख्याच पॅनेलची चाचणी पाहायला आलेली. पुढे जे बोलणे झाले ते मला तिनेच, हसत हसत सांगितले आहे.

"ओढणी बाहेर ठेवावी लागते, मॅडम," वैभव म्हणाला.

"काऊन?"

"नायलॉनची आहे. लोळ उठला का वितळून अंगाले चिकटते. आत फक्त सुती."

"तुमाले ओढण्यांची बी परीक्षा द्यावी लागली का?"

"नाई... पण इतकं लक्ष देऊन पहिल्यांदाच पाहून राहिलो."

तिने भुवई उंचावली. त्याने गळ्यातला सुती दुपट्टा काढून पुढे केला. "हा घ्या. आमच्या आजीनं निवडलेला आहे. हरवला तर मले घरात घेणार नाई."

"मंग हरवूनच पाहते," ती म्हणाली, आणि दुपट्टा खांद्यावर घेतला.

"नाव काय सांगू आत?"

"केतकी. पांढुर्ण्याच्या नत्थूजी मिस्त्रीची नात."

वैभवच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच थांबले...

ते थांबावे असेच ते नाव होते. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, पुंडलिकराव कापूस घेऊन उभे असताना, शेजारचे विजेचे पॅनेल फुटले. नत्थूजींनी त्यांना ढकलून दूर केले आणि स्वतःचा उजवा हात जाळून घेतला. यजमानांनी आपले शेत लिहून देऊ केले. नत्थूजी म्हणाले, "वावर नोको. हात गेला, तो हातानंच फेडा कधी. घाई नाई." ते देणे डोक्यावर घेऊनच पुंडलिकराव गेले. तेव्हापासून आमच्या घरात माझी आज्ञा आहे: हे फिटेपर्यंत नत्थूजींच्या उंबऱ्यावर धोट्यांनी काही मागायचे नाही. पाणीसुद्धा नाही. मग मुलगी मागणे तर दूरच.

वैभवला हे ठाऊक होते. तरीही चाचणीच्या तयारीत दिवस गेले, आणि दिवसांबरोबर तोही वाहवत गेला. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला दोघांची गाठ पडली – "योगायोगाने", असे तो म्हणाला. मी विचारले नाही.

"इतकी काळजी कायची करता?" त्याने तिला तिथे विचारले.

"आमच्याकडं सुरक्षेच्या केबली अशाच पॅनेलच्या वरून गेल्या आहेत. मी म्हणते, हलवा. साहेब म्हणतात, अंतर पुरेसं आहे. तुमच्या चाचणीत केबल वाचली, तर माहं बोलणं संपलं. आबाजीचा हात पाहत मोठी झाली मी... दुसऱ्या कोणाचा पाहायचा नाई मले."

चाचणीच्या सकाळी भोंगा झाला. माळ हादरला, धुराचा लोट उठला, विरला. टांगलेल्या केबली मात्र शाबूत होत्या.

केतकीने हेल्मेट काढले. "मंग मीच चुकली," ती इतकेच म्हणाली.

तिची पाठमोरी चाल वैभवला पाहवेना. तो जळलेल्या पॅनेलकडे वळला, आत वाकला. तळाशी सांडलेले धातूचे थेंब लालसर होते... तांबे! तिच्या केंद्रातल्या पट्ट्या तर ॲल्युमिनियमच्या. तशाच इथे लावायच्या होत्या; ॲल्युमिनियम लोळात स्वतःही पेट घेते, तांबे तसे घेत नाही.

त्याने पॅनेल बांधणाऱ्या कारखान्यातल्या गुणवंता मिस्त्रीला बोलावले.

"ह्या पट्ट्या कोणी लावल्या?"

"म्याच, साहेब," गुणवंता छाती काढून म्हणाला. "आपल्या पांढुर्ण्याची लेक पहिल्यांदा आली. तिच्या पॅनेलले हलकं ॲल्युमिनियम कायले? चांगलं तांबं लावलं. पाहुण्याले कोणी फुटकी थाळी वाढते का?"

आमच्याकडचा पाहुणचार असा आहे. त्याला नावे ठेवायची माझी तयारी नाही. पण पॅनेलचे दार बंद करण्यापूर्वी आत पाहणे हे प्रमुखाचे काम, आणि त्या सकाळी प्रमुखाची नजर एका दुपट्ट्यावर होती.

दुपारी वैभव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आजी, माही चूक झाली. ते वर सांगितलं, तर प्रमुखपद जाते."

"आणि न सांगितलं तर?"

"तर केतकी खोटी पडते."

"मग विचारायला काय आला आहेस?"

"विचारायले नाई आलो. सांगून आलो."

मी देवघराकडे वळले, कारण डोळ्यांत आलेले पाणी त्याला दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या चाचणीला वैभव साध्या मदतनिसाच्या जागी उभा होता. या वेळी पॅनेलमध्ये ॲल्युमिनियम होते. भोंगा झाला – आणि काचेपलीकडे पांढराशुभ्र उजेड उसळला, पॅनेलचे दारच फाटून गेले. धूर हटला तेव्हा सगळ्यांत लांबच्या केबलीही काळ्या पडल्या होत्या, आणि साऱ्यावर पांढरी भुकटी बसली होती.

केतकीने सगळ्यांदेखत वैभवचा हात धरला.

"आता प्रमुख नाई मी," तो हळूच म्हणाला. "दुपट्टा परत मांगायचा बी हक्क राहिला नाई."

"दुपट्टा राहू द्या. दुसरं काही मांगा ना..."

"नाई मांगता येत. आजीची आज्ञा आहे." आणि त्याने तिला सारे सांगितले.

ती खळखळून हसली. "इतकंच? मंग आजीलेच घेऊन या पांढुर्ण्याले."

तिच्या केंद्रातून केबली हलवण्याचा हुकूम निघाला, त्याच आठवड्यात मी गाडी काढायला लावली. नत्थूजी अंगणात बाजेवर बसले होते. मी उभीच राहिले. पाणी आले, मी घेतले नाही.

त्यांनी वैभवला जवळ बोलावले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले – एका धडक्या, एका आक्रसलेल्या.

"त्या केबली हलून राहिल्या म्हणते पोरगी. खरं का?"

"खरं, आबाजी."

"मंग तिथं काम करणाऱ्याचे हात वाचतीन?"

"वाचतीन."

म्हाताऱ्याने ते तरुण हात उलटेसुलटे करून पाहिले. दाराशी केतकी उभी होती, खांद्यावर आमचा दुपट्टा.

मी पदर सावरला. "नत्थूजी, धोट्यांचं देणं..."

"पुरं फिटलं, बाई," ते म्हणाले. "पाणी घ्या. आता मांगा."