कोपरे दुमडलेली चादर

खोटं वाटलं तर वाटू दे. मनापासून सांगतो, हे खोटं निघालं तर मलाच सुटल्यासारखं होईल. पण हे माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. खाली टायर पंक्चरचं दुकान. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, बायको औषधाच्या दुकानात, मुलगी चिमी शाळेत. दुपारी घराला कुलूप असतं. किल्ल्या फक्त आम्हा नवराबायकोकडे.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. रक्ताच्या, औषधाच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. हाताला कायम ब्लीचिंग पावडरचा वास. घरी आली की चप्पल काढून थेट सिंकपाशी. देवाला वेगळा वेळ द्यायला सवड नव्हती, म्हणून भांडी घासता घासताच पुटपुटायची.

"देवा, सगळ्यांचं भलं कर... माझं शेवटी बघ."

आम्ही हसायचो. "आई, तुझा नंबर येईपर्यंत देव झोपून जाईल!"

तीही हसायची. निवृत्त झाल्यावर हॉस्पिटलची ड्युटी सुटली, घरातली नाही. एका दुपारी कपडे वाळत घालताना ती खाली बसली. पुन्हा उठली नाही.

ती गेली आणि घराचा उकिरडा झाला. मीठ कुठे, पांघरुणं कुठे, कुणाला पत्ता नाही. धुतलेले कपडे दिवसेंदिवस पलंगावर ढिगात पडलेले.

एका संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो तर... ढीग नव्हता.

घड्या होत्या.

"बरं केलंस," मी बायकोला म्हणालो.

"मी? मी आत्ता तुमच्याबरोबरच जिना चढले ना! मला वाटलं तुम्ही..." आणि ती स्वतःच थांबली. मला माझा रुमाल सापडत नाही, मी कसल्या घड्या घालतोय!

मी वरची चादर उचलली. चारही कोपरे आत दुमडलेले. हॉस्पिटलची घडी. आमच्या घरात ती एकाच माणसाला येत होती.

आणि वास... ब्लीचिंगचा.

त्या रात्री आम्ही तिघं दिवा चालू ठेवून एकाच पलंगावर झोपलो. झोपलो कसले, एकमेकांना धरून पडलो.

दुसऱ्या दिवशी आलो तर भांडी घासलेली. मग एकदा फरशी ओली.

एकदा माझं काम लवकर आटपलं. दुपारीच जिना चढलो. दाराला कुलूप होतं.

पण आत... नळ चालू होता.

मी दाराला कान लावला. ताट घासल्याचा आवाज. आणि मग, अगदी हळू...

"...माझं शेवटी बघ."

मी कुलूप काढून दार उघडलं. कुणी नाही. नळ बंद. सिंकमध्ये एक ताट, अर्धं घासलेलं. त्यावरून फेस अजून ओघळत होता.

मी काय करायला हवं होतं? हात जोडून म्हणायला हवं होतं, आई, पुरे झालं.

मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि खाली जाऊन बसलो. तिचं आटपेपर्यंत.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं म्हणतात. आमच्याकडे काळ राहिला बाजूला, आम्हीच सोकावलो.

चिमी खेळायचे चिखलाचे बूट तसेच टाकून शाळेत जायला लागली. मी ग्रीसचे कपडे कोपऱ्यात भिरकावू लागलो. बायको खरकट्याला हात लावेना. "राहू द्या हो, आई करतील." आई जिवंत असतानाही बायको अगदी असंच म्हणायची. रविवारी तर आम्ही मुद्दाम बाहेर जायचो. घर रिकामं असलं की ती यायची ना!

हे लिहिताना लाज वाटतेय. त्या वेळी वाटली नव्हती, याची जास्त वाटतेय.

मग ताई राहायला आली, माझी थोरली बहीण. घर बघून खूश. "अगं, किती लखलखीत ठेवलंयस!"

बायकोने मान खाली घातली. चिमी पटकन म्हणाली, "आत्या, मम्मी नाही काही. आजी करते."

ताईला आधी थट्टा वाटली. मग तिने कपाट उघडलं. चादर बाहेर काढली, कोपरे चाचपले, नाकाशी नेली. मला वाटलं, आता किंचाळेल. पण ती माझ्याकडे वळली.

"अरे, मेली ना ती! मेल्यावरही राबवताय तिला? जनाची नाही तर निदान मनाची तरी बाळगा!"

ताईने आम्हा तिघांना कामाला जुंपलं. तव्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी कुणी बाहेर गेलं नाही. "घरातच बसा," ताई म्हणाली. "तिला बघू दे, तुम्हालाही हात आहेत ते."

दुपार झाली. खालचं दुकान जेवायला बंद झालं. सगळं शांत...

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं.

मग कपाट उघडलं... बंद झालं.

नळ सुरू झाला... बंद झाला.

अनवाणी पावलं आमच्या खोलीत आली. थांबली. आत गेली. पुन्हा बाहेर आली.

ती काम शोधत होती.

"आई," ताईचा आवाज फाटला, "सगळं झालंय गं. आता बस जरा."

पावलं थांबली.

मग चिमीने माझ्या कानात विचारलं, "पप्पा, आजी कुठे बसायची?"

मी पलंगाकडे पाहिलं. तो माझा. खिडकीतली खुर्ची बायकोची. दाराजवळचं स्टूल चिमीचं. खूप आठवून पाहिलं. आई बसलेली मला आठवेचना. बसली ती एकदाच, त्या शेवटच्या दुपारी.

पावलं पुन्हा हलली. दारापर्यंत गेली. कडी सरकली... आणि जिन्यावरून पावलं खाली उतरत गेली.

मी मागे धावलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत होता. हॉस्पिटलकडच्या टोकापर्यंत.

त्यानंतर घरात काही वाजलं नाही. आम्ही आपापलं काम करतो. "सुटली बिचारी," ताई फोनवर म्हणते. मी हो म्हणतो.

आज सकाळी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. "द्या, रात्री लावते," बायको म्हणाली. मी म्हणालो, राहू दे.

दोघी गेल्यावर मी तो शर्ट पलंगावर पसरून ठेवला. शेजारी बटण आणि सुई. तिची आठवण आली म्हणून ठेवला की माझा आळस, मला खरंच सांगता येत नाही.

आता संध्याकाळ झालीय. पंक्चरच्या दुकानापाशी बसून हे लिहितोय. वर जायला पाय उचलत नाहीत. बटण लागलेलं असेल याची भीती वाटते. नसेल याचीही वाटते.

सुईत दोरा मात्र मीच ओवून ठेवलाय. शेवटी शेवटी आईला नेढं दिसत नव्हतं.