दगडामागचा होकार

आमच्या रस्त्यावरचे इतिहासाचे सगळे दगड आमच्याच घराने कोरलेले आहेत. कापडगिरणी जळाली तिथे एक, पहिली शाळा एका गोठ्यात भरली तिथे एक, टपालगाडी दरीत गेली तिथे एक. जाणारे-येणारे ते वाचतात असा माझा गैरसमज नाही. गाडी थांबते ती टायर बसल्यावर, आणि मग दगडाचा उपयोग जेवणाचा डबा ठेवायला होतो. तरी देवाने हाताला दिलेलं काम आहे, मी ते मन लावून करतो.

या कामाची आमची एक रीत आहे, वडिलांनी घातलेली. माणसांची नावं कोरायची असली की दगड आधी जागेवर रोवायचा, नावं खडूने आखायची आणि घरच्या माणसांसमोर एकेक नाव मोठ्याने वाचायचं. घरच्यांनी ‘हो’ म्हटलं की मगच छिन्नी लावायची. ही रीत पडण्याआधी एकदा वडिलांनी मेलेल्या पुतण्याच्या जागी जिवंत काकाला दगडावर चढवलं होतं. तो काका म्हातारा होईपर्यंत दगडाशेजारी उभा राहून वाटसरूंना सांगायचा, “हा मेलेला म्हणजे मीच बरं का!”

होडीच्या अपघाताचा दगड नव्या पुलाजवळच्या वळणावर उभा राहिला. पूल नव्हता तेव्हा तिथे होडी लागायची, आणि ती माझा थोरला भाऊ चालवायचा. नदी चढलेली असताना एका संध्याकाळी बाजाराची माणसं घेऊन तो निघाला आणि होडी मधोमध उलटली. कुणीही परत आलं नाही. काही जण नदीच्या खालच्या वळणाला सापडले, काही सापडलेच नाहीत. दादा न सापडलेल्यांपैकी.

दगडाच्या समितीवर निवृत्त मास्तर होते. त्यांची धाकटी लेक त्या होडीत होती, तीही सापडली नव्हती. मी दादाच्या नावाचा विषय काढला तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“पोहता येणारा माणूस होडीत एकच होता,” ते म्हणाले. “त्याने एकाला तरी काठाला आणायला नको होतं? तो निसटला. दूरच्या बाजारात त्याला पाहिलंय लोकांनी. पळालेल्याचं नाव माझ्या लेकीच्या शेजारी नको.”

मी उठून घरी आलो. वहिनी मात्र ते बोलणं इतकी वर्षं नळावर, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत ऐकत आलेली. ती कपाळाला टिकली लावायची, आणि त्यावरही लोक बोलायचे. न लावती तरी बोललेच असते.

वाचनाच्या दिवशी दुपारी माणसं जमली. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. वहिनीला कुणी बोलावलं नव्हतं. ती रस्त्यापलीकडे झाडाखाली पदर आवळून उभी होती. मी वाचायला लागलो. कुणाची बहीण ‘हो’ म्हणाली, कुणाचा नातू. लेकीचं नाव ऐकून मास्तर म्हणाले, “हो.”

पुढचं घर असं होतं की नवरा, बायको, सासू, सगळेच त्या होडीत गेलेले. मागे कुणीच उरलं नव्हतं. मी नवऱ्याचं नाव वाचलं आणि त्यांच्या वतीने आपणच ‘हो’ म्हणावं म्हणून तोंड उघडलं.

“हो,” कुणीतरी म्हणालं.

मी वर पाहिलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी बायकोचं नाव वाचलं.

“हो.” या वेळी बाईचा आवाज. घशात पाणी असल्यासारखा.

“कोण चेष्टा करतंय?” मास्तर ओरडले.

“पुलाचा घुमारा असेल,” एक जण म्हणाला.

मी घुमाऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. दगडामागे जाऊन पाहिलं, तिथे गवताशिवाय काही नव्हतं. पुलाखाली उतरून मोठ्याने हाक मारली, ती माझ्याच आवाजात परत आली. वर येऊन सासूचं नाव वाचलं. त्यालाही म्हातारा, दमलेला ‘हो’ आला, आणि तो दगडाच्या पलीकडून आला. मग कुणी थांबलं नाही. बायकांनी पोरं उचलली आणि रस्ता धरला. मास्तर तेवढे पुलाच्या कठड्यावर बसून राहिले.

वहिनी रस्ता ओलांडून आली.

“भाऊजी, आता यांचं वाचा.”

“वहिनी, दगडावर नाहीये ते.”

“दगडावर नसू दे. तुमच्या तोंडात आहे ना?”

“आणि उत्तर नाही आलं तर?”

ती जरा हसली. “तर कुठेतरी जिवंत असतील. कुणाच्या तरी हातचं जेवत असतील. मी रागावेन, भांडी आपटेन. पण चालेल मला. हे असं नाही चालत आता.”

मी दादाचं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्वच्छ.

काही नाही.

पाण्याचा आवाज येत होता. मी पुन्हा वाचलं. माझाच आवाज मला परका वाटला.

काही नाही.

कठड्यावरून मास्तर म्हणाले, “बघ.” त्यात आनंद नव्हता. त्यांचेही डोळे दगडाकडेच लागले होते.

वहिनीने दगडावर हात ठेवला. खाली वाकली आणि घरातल्या घरात, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मारावी तशी हाक मारली.

“अहो.”

बराच वेळ गेला.

“थांब गं जरा.” आवाज दादाचा. धापा टाकत होता. “हात मोकळे नाहीत.”

मी दगडाला कान लावला.

मास्तर उठले. दगडापाशी येऊन त्यांनी त्यावर कपाळ टेकलं.

“कुणाला धरलंयस रे?” ते म्हणाले. “बाबा, कुणाला धरलंयस? तेवढं सांग.”

उत्तर आलं नाही.

त्यांनी आणखी विचारलं, लेकीचं नाव घेऊन विचारलं. शेवटी वहिनीने त्यांचा दंड धरला.

“नका विचारू,” ती म्हणाली. “बोलायला गेले तर हात सुटेल.”

त्याच दुपारी मास्तरांनी स्वतः खडू घेऊन दादाचं नाव लेकीच्या नावाशेजारी आखलं, आणि मी ते कोरलं. गावात आता त्याच्याविषयी कुणी वावगं बोलत नाही. खरं तर पुलावरून जाताना कुणी काहीच बोलत नाही.

वहिनी रोज दगडापाशी जाऊन बसते. इतक्या वर्षांनीही हाक ऐकली जाते हे तिला कळलंय, पण ती हाक मारत नाही. तोंडावर पदर धरून नुसती ऐकते. पलीकडच्या अंगाला मास्तर बसलेले असतात.

काल संध्याकाळी ती परत आली आणि चपला न काढताच दारात उभी राहिली.

“भाऊजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांना आता फार दम लागलाय हो.”